तोडलेलं फूलही पाणी पितं

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लगीनसराईची गडबड सुरू होते, आणि मांडव म्हटला की फूल आलंच. आपल्या भागात गुलछडी, शेवंती, अ‍ॅस्टर, झेंडू ही फुलं बऱ्याच गटांतल्या बायांच्या रानात आहेत. गुलछडीला कुणी निशिगंध म्हणतं, पण फूल एकच. पहाटे चारला बॅटरी घेऊन तोडायला जायचं, सहाच्या टेम्पोत पाट्या चढवायच्या आणि मग गुलटेकडीहून पट्टी काय येते याची वाट बघायची, हे आपल्याला नवं नाही. बाजार पडला की त्या पट्टीतून हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं गेल्यावर हातात काय उरतं तेही आपल्याला पाठ आहे.

आता दुसरी बाजू बघा. त्याच गुलछडीच्या दांड्या तालुक्याचा डेकोरेशनवाला विकत नेतो. चार दांड्या निळ्या करतो, चार गुलाबी करतो, स्टेजवर लावतो आणि आपल्याच गावातल्या लग्नात आपल्याच भावकीकडून त्याचं बिल घेतो. फूल आपलं, पहाटेची झोपमोड आपली, आणि ज्या कामाला खरे पैसे मिळतात ते काम मात्र त्याचं. हे काम आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही. त्याला माहीत असलेल्या आठ-दहा गोष्टी आपल्याला माहीत नसतात, एवढाच फरक.

म्हणून आज आम्ही फक्त दांडीच्या फुलांबद्दल बोलणार आहोत. श्रोता गटांकडून येणारे प्रश्नही याच धर्तीचे असतात: फुलं दुपारपर्यंत माना का टाकतात, रंगीत गुलछडी करतात कशी, आणि स्टेजची ऑर्डर घ्यायची तर सुरुवात कुठून करायची.

पहिल्यांदा हे समजून घेऊ की फूल तोडलं म्हणजे ते मेलं असं नाही. तोडलेलं फूलही पाणी पितं, श्वास घेतं, कळी उमलत राहते. झाडाकडून येणारं अन्नपाणी मात्र तुटलेलं असतं. देठाच्या आत केसाहून बारीक अशा उभ्या नळ्या असतात. पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी हवेत उडून जातं, आणि त्या ओढीनं खालचं पाणी नळ्यांतून वर चढतं. विहिरीवरची मोटार आठवा. सक्शनच्या पाइपात हवा धरली की मोटार नुसती फिरते, पाणी येत नाही. देठाचंही तसंच होतं. दांडी कापल्या क्षणी खालून हवा आत शिरते आणि त्या बुडबुड्यापुढे पाणी सरकत नाही. मग फूल पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं. बादली भरलेली, तरी फुलानं मान टाकली असं दिसलं की समजायचं, देठानं हवा धरली.

दुसरी अडचण ठिबकच्या नळीसारखी. नळीत शेवाळ, चिकटा बसला की ड्रिपर बंद पडतो. फुलाच्या बादलीत पानं बुडाली, ती सडली, पाणी गढूळ झालं की त्या पाण्यातले जिवाणू देठाच्या तोंडाशी चिकट थर धरतात आणि नळ्या बुजतात. म्हणून फुलांची बादली आपल्या पाणी पिण्याच्या कळशीइतकी स्वच्छ हवी. हे आम्ही वाढवून सांगत नाही. बादलीच्या आतून हात फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर त्या बादलीत फुलं ठेवू नका. साबणानं घासा, स्वच्छ पाण्यानं विसळा, उन्हात पालथी घाला.

तिसरी गोष्ट ऊन आणि वारा. फुलाला थंडावा मानवतो. उन्हातल्या पत्र्याखाली किंवा पंख्याच्या झोतात ठेवलेलं फूल जितकं पाणी वर ओढू शकतं त्याहून जास्त पाणी त्याच्यातून उडून जातं.

चौथी गोष्ट बऱ्याच जणींना ऐकून नवल वाटेल. पिकणारं फळ एक वायू सोडतं, इथिलीन नावाचा. आढीतल्या एका पिकल्या आंब्यामुळे बाकीचे आंबे लवकर पिकतात ते त्यानंच. हाच वायू फुलाला म्हातारं करतो. म्हणजे फुलांच्या बादल्या आणि केळीचे घड एका खोलीत ठेवू नयेत. लग्नघरात नेमकं हेच होतं. कोठीच्या खोलीत एका कोपऱ्यात केळी, दुसऱ्या कोपऱ्यात फुलं. कार्नेशन या वायूला सगळ्यांत आधी बळी पडतं, त्याच्या पाकळ्या झोपल्यासारख्या मिटतात. फ्रिजमध्ये फुलं ठेवणाऱ्यांनीही आधी फळं बाहेर काढावीत.

आता तोडणी. हातात सुरी घेण्याआधी फूल कुठे जाणार ते ठरवा. गजऱ्याला, हाराला सुटं फूल लागतं आणि स्टेजला दांडी लागते. दोन्हींची तोडायची वेळ वेगळी. गुलछडीची दांडी खालची एक-दोन फुलं उमलली की काढायची, वरच्या कळ्या नंतर बादलीत उमलतात. ग्लॅडिओलसची दांडी तर खालच्या एक-दोन कळ्यांना नुसता रंग दिसला की काढतात, आणि ती कायम उभीच ठेवायची. आडवी टाकली तर तिचा शेंडा वर वळतो आणि दांडी वाकडी होते, मग ती सरळ होत नाही. गुलाब लांब पाठवायचा असेल तर कळी घट्ट असताना, बाहेरची एखादी पाकळी सुटायला लागली की. शेवंती, अ‍ॅस्टर आणि झेंडू मात्र पुरते उमलू द्या, कळीत तोडले तर ते पुढे नीट उमलत नाहीत.

जरबेऱ्याची तऱ्हा वेगळी. तो कापत नाहीत. दांडी बुडाशी धरून बाजूला वाकवून, हलकी पिरगळून उपटून काढतात, आणि मग बुडाचा कडक भाग तेवढा कापून टाकतात, कारण त्या कडक भागातून पाणी चढत नाही. मधल्या गोल चकतीच्या बाहेरच्या दोन ओळींवर पराग दिसला की जरबेरा तयार झाला. त्याआधी काढला तर दुसऱ्या दिवशी मान मोडते. जरबेऱ्याच्या दांडीवर बारीक लव असते, ती खोल पाण्यात कुजते, म्हणून त्याला चार बोटं पाणी पुरे.

वेळ पहाटेची किंवा ऊन उतरल्यावरची. पहाटे दांडीत रात्रभराचं पाणी भरलेलं असतं. एक करा, बादली रानातच न्या. तोडलेल्या दांड्या बांधावर ढीग करून, मग घरी नेऊन, मग पाण्यात, या वाटेतच फुलाचं निम्मं आयुष्य जातं. अर्धी बादली पाणी जड होतं हे खरं. दोघी मिळून उचला.

घरी आणल्यावर सावलीत बसा. खालची पानं काढून टाका, पाण्याखाली एकही पान राहता कामा नये. शेवंती आणि अ‍ॅस्टरची पानं तर एका रात्रीत सडतात आणि वास सुटतो. मग एका घमेल्यात पाणी घ्या, देठाचं टोक पाण्यात बुडवा आणि पाण्याच्या आतच धारदार सुरीनं इंचभर कापा, तिरपं. पाण्यात कापलं की हवेऐवजी पाणीच आत शिरतं. तिरपं कापायचं कारण एवढंच की सपाट देठ बादलीच्या तळाला चिकटून बसतो आणि त्याचं तोंड बंद होतं. बोथट विळीनं देठ चेंगरतो, म्हणून सुरीला आधी धार लावा. काही जणी गुलाबाचा देठ वरवंट्यानं ठेचतात, जास्त पाणी पितो म्हणून. ठेचू नका. ठेचलेल्या देठात जिवाणूंना घर मिळतं, फायदा काहीच नाही.

चाफ्यासारखा चीक गळणारा देठ असेल तर तो चीक सुकून तोंड बुजवतो आणि बादलीतल्या बाकीच्या फुलांनाही त्रास देतो. त्याचं टोक मेणबत्तीवर काही सेकंद धरून भाजा किंवा कढत पाण्यात बुडवा, मग ठेवा.

आता बादलीतलं औषध. बाजारात फुलांसाठी पूड मिळते, पण घरातही काम भागतं. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाणी शुद्ध करायला वापरतात त्या क्लोरिनच्या द्रावणाचे दहा थेंब. साखर हे फुलाचं अन्न, त्यावर वरच्या कळ्या उमलतात. लिंबाच्या आंबटपणानं पाणी देठात चांगलं चढतं. क्लोरिन जिवाणू मारतं. या तिघांत क्लोरिन विसरलात तर साखर फुलाआधी जिवाणूच खातात आणि पाणी दुप्पट वेगानं नासतं. साखर टाकली तरी फुलं खराब झाली, अशी तक्रार येते त्याचं कारण हेच. पाणी दर दुसऱ्या दिवशी बदला आणि बदलताना देठ पुन्हा अर्धा इंच कापा. नुसतं पाणी रोज बदललं आणि देठ रोज कापला, बाकी काही केलं नाही, तरी बराच फरक पडतो. नाणं टाकणं, गोळी टाकणं यांवर आमचा भरवसा नाही, धुतलेल्या बादलीवर आहे.

मिसळण टाकलेलं पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात ओतू नका. लिंबानं भांड्याचा धातू उतरतो. लोटी, तांब्या, घंगाळ शोभेला हवं असेल तर आत स्टीलचा पेला ठेवून त्यात फुलं लावा.

कोमेजलेलं फूल लगेच फेकू नका. गुलाबानं मान टाकली असेल तर देठ पाण्यात कापून अख्खी दांडी, पानाफुलासकट, कोमट पाण्याच्या परातीत तासभर आडवी बुडवून ठेवा. हवा धरल्यामुळे सुकलेला असेल तर टवटवीत होतो. म्हातारा झालेला असेल तर होत नाही. वाकलेला जरबेरा वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून थोड्या पाण्यात रात्रभर उभा ठेवला की बहुतेक वेळा सरळ होतो.

उन्हाळ्यातल्या लग्नांना थंडाव्याची अडचण येते. शीतगृह आपल्या आवाक्यातलं नाही, पण विटांचा शीतकक्ष आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तो शोधून काढला, भाज्या-फळांसाठी. सावलीत विटांचा ओटा करायचा, त्यावर विटांच्या दोन भिंती, एकात एक, मध्ये तीन इंच फट. फटीत वाळू भरायची आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ पाणी मारून ओली ठेवायची. वर बांबू-गोणपाटाचं झाकण, तेही ओलं. वीज लागत नाही. आपण माठातलं पाणी ज्या युक्तीनं गार करतो तीच ही युक्ती. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही जास्त गार राहते. पावसाळ्यात किंवा कोकणासारख्या दमट हवेत याचा फारसा उपयोग नाही, कारण पाणी उडतच नाही. आपल्या दुष्काळी पट्ट्याला मात्र हा झकास.

सुट्या फुलांबद्दल एकच सांगतो, कारण आजचा विषय तो नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली फुलं वाफ धरतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. पाटी किंवा करंडी घ्या, खाली-वर ओलं करून पिळलेलं फडकं घाला.

आता येऊ रंगाकडे. ज्याची सगळ्यांत जास्त विचारणा झाली तो हा भाग.

फूल पाणी पितं हे एकदा पटलं की रंगाची गंमत कळते. पाण्यात रंग विरघळवला तर फूल तो रंगही पितं. दुकानात दिसणारी निळी गुलछडी कुठल्या झाडाला लागत नाही, पांढऱ्या दांडीला रंगाचं पाणी पाजलेलं असतं. म्हणून फूल पांढरंच हवं. गुलछडी, पांढरी शेवंती, पांढरं कार्नेशन यांवर काम छान होतं. गुलछडीत सिंगल आणि डबल असे दोन प्रकार आहेत. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेनं काढलेल्या वाणांपैकी शृंगार आणि प्रज्वल ही सिंगल, सुवासिनी आणि वैभव ही डबल. सिंगलला सुट्या फुलासाठी मागणी, डबल फुलदाणीत भरगच्च दिसते. रंग दोन्ही पितात.

रंग कुठला घ्यायचा? खायचा. जिलेबीत, बर्फीत घालतात तो. पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. रंगपंचमीचा रंग नको. त्यातला बराचसा पाण्यात विरघळतच नाही, नुसता तरंगतो किंवा तळाला बसतो, आणि बारीक कण नळ्यांत अडकून देठ बुजतो. त्यात काय मिसळलेलं असतं तेही कुणी सांगू शकत नाही. कापडाचा रंग तर हाताला लावूच नका. हळद घालून पिवळं करता येईल का, असं बऱ्याच जणी विचारतात. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून देठातून वर चढत नाही. बिटाचा थोडा चढतो, पण फिका.

कृती अशी. दांड्या तोडल्यावर रंगवायच्या असतील तेवढ्या बाजूला काढा आणि सावलीत तास-दीड तास बिनपाण्याच्या ठेवा. आत्तापर्यंत सांगितलं त्याच्या अगदी उलट वाटेल, पण फूल तहानलं पाहिजे. तहानलेलं फूल घटाघटा पितं, भरल्या पोटाचं चुळबूळ करतं. मात्र मान टाकेपर्यंत उपाशी ठेवायचं नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन ते चार चहाचे चमचे रंगाची पूड नीट ढवळून विरघळवा आणि फडक्यातून गाळून घ्या. अरुंद डबा घ्या, म्हणजे थोड्या रंगात जास्त दांड्या उभ्या राहतात. तीन-चार बोटं रंगपाणी पुरतं. देठ ताजा तिरपा कापा आणि डब्यात उभा करा. खोलीत हवा खेळती हवी, कारण पाकळ्यांतून पाणी उडालं तरच खालचं वर ओढलं जातं.

दोन-तीन तासांत पाकळ्यांच्या कडांना रंग दिसायला लागतो. शिरांतून पसरत जातो, जाळीसारखा. फिका, नाजूक रंग हवा असेल तर तेवढ्यावरच काढा. गडद हवा असेल तर रात्रभर ठेवा. काढल्यावर देठ पाण्याखाली धुवा, रंगलेलं टोक कापा आणि साध्या, मिसळणाच्या पाण्यात ठेवा. रंगाच्या डब्यातच ठेवून दिलं तर पानं आणि दांडीही रंगतात आणि फूल आजारी दिसतं. सगळे रंग सारख्या वेगानं चढत नाहीत, म्हणून ऑर्डर घेण्याआधी प्रत्येक रंगाच्या दोन-दोन दांड्यांवर करून बघा आणि वहीत लिहा: किती चमचे, किती तास, कसा दिसला.

पांढऱ्या शेवंतीवर दोन रंगही होतात. देठ बुडापासून चार-पाच इंच मधोमध चिरायचा, एक फाटा निळ्या रंगाच्या पेल्यात, दुसरा गुलाबी रंगाच्या पेल्यात. फूल अर्धं निळं, अर्धं गुलाबी होतं. शाळेतल्या पोरांना दाखवायला मजा येते. मांडवासाठी ही मेहनत परवडत नाही असं आमचं मत आहे.

दुकानात आणखी दोन प्रकार दिसतात: रंगात बुचकळलेलं फूल आणि डब्यातल्या स्प्रेनं मारलेलं. तो रंग पाकळीच्या वर बसतो. घाम, पाणी, हळद लागली की कपड्याला उतरतो. फुलाच्या दागिन्यांचं काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे खास लक्षात घ्यावं. डोहाळजेवणाला, हळदीला गुलछडीच्या कळ्यांचे बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी करतात. ते गर्भार बाईच्या अंगाला, नवरीच्या नव्या साडीला लागतात. तिथे पाजलेला रंगच वापरा, तोही आधी ओल्या पांढऱ्या कापडावर कळी चोळून बघा. चुरगळलेल्या पाकळीतून रंग सुटतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. पिवळा दागिना हवा असेल तर सरळ पिवळी शेवंती घ्या ना, रंगाची भानगडच नको.

आणि विकताना रंगवलेलं फूल रंगवलेलं म्हणूनच विका. देवघरासाठी, पूजेसाठी घेणाऱ्या बायांना ते चालत नाही, त्यांना फसवलं असं वाटू नये. रंगीत असो वा साधं, विकत आणलेल्या फुलाच्या पाकळ्या जेवणाच्या ताटात, सरबतात टाकू नयेत. फूल खायचं नसतं म्हणून फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले हे कुणी फारसं बघत नाही. गुलाबावर तर फवारे बरेच होतात. तोडणाऱ्या बायांनी हातमोजे घालावेत, आणि फुलांचं काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला किंवा लेकराला हात लावू नये.

मांडणीबद्दल लोक फार घाबरवतात. तीन गोष्टी धरा. एक उंच, एक भरीव, एक भरावाची. उंचीला गुलछडी किंवा ग्लॅडिओलस, भरीव जागी जरबेरा, गुलाब किंवा मोठी शेवंती, आणि मधल्या पोकळीत अ‍ॅस्टर, शतावरीची नाजूक पानं, कामिनीचे डहाळे, क्रोटन. ज्वारीचं कणीस आणि गव्हाच्या ओंब्या फुलांत काय सुंदर दिसतात! शहरातले लोक त्या विकत घेतात, आपल्या बांधावर उभ्या आहेत. फुलांची उंची भांड्याच्या दीडपट ठेवली की साधारण डोळ्याला बरी वाटते. जेवणाच्या टेबलावरची मांडणी बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली हवी, नाहीतर समोरचा दिसत नाही. सगळी फुलं एका उंचीवर कापू नका, एखादं पुढे झुकलेलं असू द्या. जड, गडद फुलं खाली आणि फिकी, कळ्यांची वर.

फुलं रोवायला शहरात हिरवी स्पंजासारखी वीट वापरतात. ती एकदाच चालते, पुन्हा भोक पडलं की धरत नाही, आणि कुजत नाही. तिचा भुगा नाकातोंडात जाऊ देऊ नये. वापरायचीच असेल तर पाण्यावर नुसती सोडा, ती आपोआप बुडू द्या. हातानं दाबली तर आतला भाग कोरडा राहतो आणि त्यातली फुलं तासाभरात सुकतात. पण आपल्याकडे केळीचा खुंट आहे. घड काढल्यावर जे खोड आपण तोडून टाकतो त्याचे वीतभर तुकडे करा. त्यात पाणी भरलेलं असतं, सुरीच्या टोकानं भोक पाडून देठ रोवला की एका कार्यक्रमापुरतं फूल मजेत राहतं. नंतर खत होतं. खोडाच्या रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, म्हणून जुनं लुगडं नेसून काम करा आणि तुकड्याखाली ताट किंवा पत्रावळ ठेवा. तोंड रुंद असलेल्या घागरीत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोळा करून बसवली तर तीही फुलं छान धरते, आणि वर्षानुवर्षं वापरता येते.

स्टेजवर झगझगीत दिव्यांची आणि कूलरच्या झोताची जागा आधी बघून या. तिथे गुलाब लावू नका, पानं आणि झेंडू लावा. संध्याकाळचं लग्न असेल तर दांड्या आदल्या रात्रीपासून पाण्यात खोल उभ्या हव्यात. भरपूर पाणी प्यालेलं फूल मांडवातले पाच-सहा तास काढतं.

इथे एक वेगळीच गोष्ट बोलायची आहे. ऑर्डर आली आणि मांडवात कोण जाणार हे ठरवायला बसलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "ती नको, शुभकार्य आहे." म्हणजे जिचा नवरा गेला ती. पहाटे तीच फुलं तिनं तोडलेली चालतात, पाटी तिनं डोक्यावर वाहिलेली चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असं सांगितलं. आमच्या गटात हा वाद आम्ही ऑर्डर घेतानाच मिटवतो. आमच्या कामाला आमच्यातली कुणीही येईल, हे यजमानांना आधीच सांगतो. आजवर त्यावरून कुणी ऑर्डर मागे घेतलेली नाही. कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

हिशेब मात्र कागदावर. शंभर दांड्या लागणार असतील तर एकशे दहा धरा, मोडतोड होतेच. फूल आपल्या रानातलं असलं तरी फुकट धरू नका, त्या दिवशीच्या बाजारभावानं मांडा. रंग, साखर, लिंबं, सुतळी, टेम्पो लिहा. मग तास: पहाटेची तोडणी, देठ कापणं, रंगाचं काम, मांडणी, आणि दुसऱ्या दिवशी उतरवायला जाणं. उतरवायचे तास बऱ्याच जणी धरत नाहीत आणि तिथंच नफा जातो. प्रत्येकीचा रोज शेतातल्या रोजापेक्षा कमी लावू नका. या सगळ्यावर गटाचा वाटा. अर्धे पैसे ॲडव्हान्स घ्या, आणि घागरी, पितळी घंगाळं आपली असतील तर त्यांची वेगळी अनामत. ओळखीतलं लग्न असलं की "नंतर बघू" होतं, आणि ते नंतर दिवाळीपर्यंत जातं. एकदम स्टेजची ऑर्डर घेण्याआधी शाळेचं स्नेहसंमेलन, गटाची वार्षिक सभा, एखादं डोहाळजेवण अशी छोटी कामं करा. पुढे शिकायचं असेल तर तळेगाव दाभाडे इथे पणन मंडळाची राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. फुलशेतीचं, हरितगृहाचं आणि तोडणीनंतरच्या कामाचं प्रशिक्षण तिथे मिळतं. गटातल्या दोघी गेल्या तरी बाकीच्यांना शिकवता येतं.

उतरवलेली फुलं घरी आणली की वेगळी करा. साधी, बिनफवारणीची असतील तर खतात. रंगवलेली आणि विकत आणलेली फुलं शेळीपुढे टाकू नका, ती वेगळ्या खड्ड्यात पुरा. उरलेलं रंगपाणी ओढ्यात ओतू नका. ते गाळून बाटलीत भरून झाकून ठेवलं तर दोन-तीन दिवसांनीही दुसऱ्या दांड्यांना चालतं, आंबट वास आला की मात्र खड्ड्यात. आणि बादल्या त्याच दिवशी घासून पालथ्या घाला, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्या पुन्हा लागणार आहेत.